ग्रामपंचायतीला उभं राहायचंय : अर्जाआधी कागदपत्रांचं काय काय बघावं?

माळावरचा_वड
गावची लोकसंख्या २८०० च्या आसपास. ९ सदस्य, ३ प्रभाग, प्रत्येक प्रभागात ३ जागा. सरपंचपद सर्वसाधारण महिला. थोरल्या वहिनी सरपंचपदाला आणि प्रभाग २ मधून दोन तरुण पोरं (एक सर्वसाधारण जागेवर, एक नामाप्र म्हणजे नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या जागेवर) असं ठरतंय. निवडणूक कार्यक्रम अजून जाहीर झालेला नाही.

प्रचाराचं विचारत नाही. ते गावाला उपजतच येतं. माझं म्हणणं असं की गावाकडच्या अर्ध्या निवडणुका मतदानाआधी तहसीलच्या व्हरांड्यातच हरल्या जातात. छाननीत अर्ज उडतो, नाहीतर निवडून आल्यावर कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करून पद घालवतं. तर जाणकारांनी सांगावं, आत्तापासून काय काय तपासून ठेवायचं?

कोरडवाहू
पहिलं काम मतदार यादी. लोक हे शेवटी बघतात.

ग्रामपंचायतीची वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेला जशी असेल तशी उचलतात आणि प्रभागवार फोडतात. प्रारूप यादीवर हरकती मागवतात, पण त्यात नवीन नाव घालता येत नाही. फक्त तीन गोष्टी दुरुस्त होतात: लेखनिकाची चूक, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, आणि विधानसभा यादीत असून प्रभाग यादीतून सुटलेलं नाव. म्हणजे विधानसभा यादीत नाव घालायचं तर मतदार नोंदणीचा नमुना ६, पत्ता बदलायचा तर नमुना ८, आणि तेही आज. बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) कोण आहे ते शोधा. २०२२ पासून वर्षात चार अर्हता दिनांक असतात (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर), त्यामुळे १८ पूर्ण झालेल्या पोरांना वर्षभर थांबावं लागत नाही.

उमेदवाराचं नाव त्या ग्रामपंचायतीच्या यादीत हवंच, मात्र ज्या प्रभागातून लढायचं त्याच प्रभागात असलं पाहिजे असं नाही. वय २१ पूर्ण.

शिळी_भाकर
आणि एक बघा, वहिनींचं नाव सासरच्या यादीत सासरच्या नावाने आहे की अजून माहेरच्या गावच्या यादीत आहे? लग्नाला वीस वर्षं झाली तरी नाव माहेरीच, असं सर्रास असतं.

नमुना_नऊ
आता खरा सापळा. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४. सगळी पोटकलमं लिहीत बसत नाही, गावात जी चालवली जातात तेवढीच.

थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टीचं मागणी बिल दिल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्र. पण कायद्यातच सवलत आहे : अर्ज भरण्यासाठी ठरवलेल्या दिवसाच्या आधी रक्कम भरलेली असेल तर अपात्रता लागत नाही. लोक काय करतात, अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत जातात, पावती फाडतात आणि दुपारी तहसीलला पळतात. तेव्हा समोरचा वकील 'आधी' या शब्दावर बोट ठेवतो. पैसे कार्यक्रम जाहीर होण्याच्या आधीच भरा.

पुढचं कलम बहुतेकांना माहीतच नसतं. एकत्र हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला तर सगळेच सदस्य अपात्र धरले जातात. घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, चुलते मुंबईला, तुम्ही म्हणता माझ्या नावावर काहीच नाही. नमुना ८ ला (कर आकारणी यादी) घर कुणाच्या नावावर आहे बघा, नमुना ९ ला (मागणी नोंदवही) त्या घरापुढे मागची बाकी किती ओढलीय बघा, ती भरा आणि नमुना १० ची पावती घ्या. सोबत थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. नुसत्या दाखल्यावर भागवू नका. उद्या प्रकरण चाललं तर पावतीवरची तारीखच उपयोगी पडते.

पाणंद
नमुना_नऊ म्हणतात त्यात भर. कर भरायला गेल्यावर पाणीपट्टी विसरू नका. घरपट्टीची पावती दाखवून निवांत बसलेल्याची सामान्य पाणीपट्टी तीन वर्षांची निघते. आणि बिल मुळात बजावलंच नव्हतं हा बचाव चालू शकतो, पण तो सिद्ध करत बसण्यात निम्मी मुदत जाते.

ॲड_बांधकरी
अतिक्रमणाचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो, कारण जिल्हाधिकाऱ्यांपुढे कलम १६ खाली (सदस्य अपात्र ठरवण्याची) जी प्रकरणं येतात त्यात हाच मुद्दा सर्वाधिक दिसतो.

कलम १४ (१)(ज-३) : सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती अपात्र. पूर्वी युक्तिवाद असायचा की अतिक्रमण सासऱ्याने केलं, मी फक्त तिथे राहते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या प्रकरणात ते बंद केलं. अतिक्रमित जागेचा कुटुंबासोबत वापर चालू ठेवणाऱ्यालाही अपात्रता लागते, मूळ अतिक्रमण कुणाचंही असो.

तपासायचं कसं? नमुना ८ चा उतारा घ्या आणि त्यावरचा शेरा वाचा. 'गायरान', 'गावठाणाबाहेर', 'अतिक्रमण' असं काही लिहिलेलं असेल तर तक्रारदाराला दुसरा पुरावा लागतच नाही. घर गावठाणात असेल पण ओटा, गोठा, न्हाणीघर रस्त्यावर आलं असेल तरी तक्रार होते. जमत असेल तर मोजणी करून घ्या आणि पुढे आलेलं काढून टाका, फोटो आणि पंचनाम्यासह. अर्जाच्या आधी काढलेलं आणि तक्रार झाल्यावर काढलेलं यात फार अंतर आहे.

खडूस_म्हातारा
म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांनी उभं राहायचंच नाही!

टोमॅटो_कॅरेट
निम्म्या नाही काका, पाऊण. उरलेल्या पावाला तिसरं मूल आहे.

ॲड_बांधकरी
हसण्यावारी नेऊ नका, तेही सांगतोच. ग्रामपंचायतीसाठी कट ऑफ १२ सप्टेंबर २००१. त्या तारखेनंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्र. त्याआधीची तीन-चार मुलं असतील आणि नंतर भर पडली नसेल तर अडचण नाही. मूल दत्तक देऊन सुटका होत नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय. पुरावा कुठून येतो? जन्म नोंदवही ग्रामपंचायतीतच, शाळेचा दाखला-खारीज रजिस्टर शाळेत, अंगणवाडीची नोंद वेगळी. तीन ठिकाणी नाव असतं. लपवायला जाऊ नका.

माळावरचा_वड
सगळ्यांचे आभार. वहिनींना दोनच मुलं, घर गावठाणातच. नमुना ८ काढतो. पण नामाप्र जागेवरच्या पोराचं जात प्रमाणपत्र आहे, वैधता नाही. चालेल का?

मीराताई_ग
चालेल, पण अटीवर. वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा अर्जासोबत जोडायचा, आणि निवडून आल्यापासून १२ महिन्यांत वैधता सादर करीन असं हमीपत्र द्यायचं. दिलं नाही तर निवड आपोआप रद्द, आणि तीही पूर्वलक्षी. त्यामुळे हा अर्ज कार्यक्रम लागल्यावर करू नये. त्या आठवड्यात जिल्हा जात पडताळणी समितीच्या दारात अख्खा जिल्हा उभा असतो.

ऑनलाइन अर्ज भरून नुसती प्रिंट घेतली म्हणजे झालं नाही. कागदपत्रांचा संच कार्यालयात जमा करून पोच घ्यावी लागते. तीच पोच जोडायची.

पुरावे गोळा करताना मानीव दिनांक लक्षात ठेवा: इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्याआधीचा जातीचा उल्लेख असलेला कागद हवा. आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खासरा पत्रक. वडिलांच्या, चुलत्याच्या किंवा सख्ख्या भावाच्या नावची वैधता असेल तर निम्मं काम झालं. अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते आणि तिथे वेळ जास्त लागतो.

उभी राहणारी बाई विवाहित असेल तर आणखी एक काम. जात वडिलांकडून धरतात, म्हणून सगळे पुरावे माहेरचे लागतात आणि नाव सासरचं असतं. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जोडल्याशिवाय साखळी जुळत नाही. वहिनींची जागा सर्वसाधारण महिला आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही, पण पॅनेलमधल्या इतर बायकांचं बघून ठेवा.

शिळी_भाकर
> नामाप्र जागेवरच्या पोराचं

भटक्या-विमुक्तांनाही स्थानिक संस्थांत नामाप्र म्हणूनच लढता येतं, त्यांची वेगळी जागा नसते. काही जण एनटीचा दाखला घेऊन नामाप्र जागेवर अर्ज भरायला घाबरतात, ते सांगून ठेवतो.

घाटमाथा
सातवीची अट विसरलात सगळे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या उमेदवाराला किमान सातवी पास असावं लागतं. आधी ही अट थेट सरपंचाला (गावाच्या मतांवर निवडून येणाऱ्या) आली, नंतर सदस्यांनाही लावली. पोरं तरुण आहेत म्हणताय तर शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. 'शाळेतून नाव कमी केले, इयत्ता सातवी' असा शेरा असेल तर तो सातवी पास होत नाही, सातवीत शिकत होता एवढंच त्यातून कळतं. मुख्याध्यापकांकडून निकालपत्रक घ्या.

शौचालयही आहे. राहत्या घरी शौचालय हवं आणि त्याचा नियमित वापर हवा. त्याचा दाखला किंवा स्वयंघोषणापत्र जोडतात. शौचालयात सरपण भरलेलं असेल तर आधी ते बाहेर काढा, कारण विरोधक फोटो काढायलाच टपलेले असतात.

टोमॅटो_कॅरेट
सरपण नाही हो, कडबाकुट्टी मशीन.

कोरडवाहू
ग्रामपंचायतीच्या कामात ठेका असेल, स्वतःचा किंवा भागीदारीतला, तरी अपात्र. मुरूम टाकायला ट्रॅक्टर लावला, बोअरची मोटर काढून दिली, आणि बिल पोराच्या नावाने निघालं. हे बिल आणि धनादेश ग्रामपंचायतीच्या दप्तरात कायम राहतात. माहिती अधिकारात एका अर्जावर बाहेर येतात.

यंत्रमाग
अर्ज भरण्याबद्दल थोडं.

आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराची नोंदणी करायची, अर्ज आणि घोषणापत्र (गुन्हे, मालमत्ता, अपत्यं) भरायचं, प्रिंट काढून सह्या करायच्या आणि ती प्रिंट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तहसीलला जमा करायची. वेळ सहसा सकाळी ११ ते दुपारी ३. ऑनलाइन भरून प्रिंट नाही दिली तर अर्ज भरलाच नाही असं धरतात. सदस्यपदाची अनामत सर्वसाधारणला ५०० रुपये, राखीवला १०० रुपये.

सर्व्हरचा भरवसा धरू नका. डिसेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२२ मध्ये शेवटच्या टप्प्यात संकेतस्थळ बसलं, आयोगाला हाताने लिहिलेले अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली आणि वेळ साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. दर वेळी तसं होईलच असं नाही.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते तर प्रभाग आणि जागेच्या रकान्यात. प्रभाग २ मध्ये अ, ब, क अशा तीन जागा, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं. सेवा केंद्रातला पोरगा रात्री अकराला चाळीसावा अर्ज भरत असतो, यादीतून भलतीच जागा निवडतो. प्रिंट काढण्याआधी उमेदवाराने स्वतः वाचायचं: गाव, प्रभाग क्रमांक, जागेचं अक्षर, प्रवर्ग, यादीतला भाग आणि अनुक्रमांक. नाव मतदार यादीत जसं आहे तसं. 'अण्णा', 'बापू' असं गावातलं नाव मतपत्रिकेवर हवं असेल तर ते वेगळं लिहून मागायचं.

माळावरचा_वड
आणि छाननीत उडाला तर? अपील?

ॲड_बांधकरी
निवडणूक चालू असताना न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे (अनुच्छेद २४३-ओ). निकाल लागल्यावर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे कलम १५ खाली निवडणूक अर्ज. तोवर समोरचा खुर्चीत बसलेला असतो. म्हणून छाननीला उमेदवाराने स्वतः हजर राहावं, सगळे मूळ कागद घेऊन. हरकत आली तर तोंडी बोलून भागत नाही, लेखी उत्तर द्या आणि आदेशाची प्रत तिथेच मागा.

आपल्या महत्त्वाच्या जागेवर पर्यायी उमेदवाराचा अर्जही भरून ठेवा. माघारीच्या दिवशी तीन वाजेपर्यंत काढून घेता येतो. मात्र पर्यायी माणूस असा निवडा की तो खरंच माघार घेईल!

खडूस_म्हातारा
हे शेवटचं वाक्य सोन्याने मढवून तहसीलच्या दारावर लावा.

पाणंद
एवढा सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा गाव बिनविरोध करा ना. खर्च वाचतो, भावकीत वैर होत नाही.

मीराताई_ग
पाणंद, बिनविरोध दोन तऱ्हेचं असतं. ग्रामसभेत बसून, वाड्या-वस्त्या आणि बायकांना विचारून केलेलं एक. चार पुढाऱ्यांनी देवळात ठरवलेलं दुसरं. दुसऱ्यात बहुतेकदा बोली लागते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं पुढे आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूकच रद्द केली. पैसा देवळाला गेला काय नि शाळेला गेला काय, पद विकलं ते विकलंच.

पाणंद
लिलावाचं समर्थन कोण करतंय? सामोपचाराबद्दल बोलतोय मी.

मीराताई_ग
सामोपचारात आजवर ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना विचारा.

यंत्रमाग
तुमचं चालू द्या, मी खर्चाकडे वळतो.

७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत मर्यादा सदस्याला २५ हजार, थेट सरपंचाला ५० हजार. ११ ते १३ ला अनुक्रमे ३५ हजार आणि १ लाख. १५ ते १७ ला ५० हजार आणि १ लाख ७५ हजार. अर्जाआधी वेगळं बँक खातं उघडायचं, खर्च त्यातून दाखवायचा. चहा, वडापाव, मंडप, रिक्षा, स्पीकर या सगळ्यांचा दर प्रशासन ठरवून देतं. पाहुण्याने फुकट रिक्षा दिली तरी ती त्या दराने हिशेबात धरतात.

निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा. ट्रू व्होटर ॲपवर भरून प्रत तहसीलला. पडलेल्यानेही द्यायचा, बिनविरोध आलेल्यानेही. नाही दिला तर कलम १४-ब खाली ५ वर्षांपर्यंत अपात्रता. पडलेला माणूस नाराजीत हिशेब देत नाही आणि पुढच्या वेळी त्याचा अर्ज याच कारणाने उडतो. पॅनेलमधल्या कुणी मागची निवडणूक लढवली असेल तर त्या हिशेबाची पोच शोधा, आजच.

पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. प्रेसवाला विसरतो, तुम्ही विसरू नका.

टोमॅटो_कॅरेट
५० हजारांत सरपंच? आमच्याकडे तेवढ्यात रश्श्याचा मसाला येतो फक्त.

कोरडवाहू
चिन्हाबद्दल. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, मुक्त चिन्हांतून मिळतं. पक्ष फक्त निकालानंतर 'एवढ्या ग्रामपंचायती आमच्या' म्हणायला येतात. माघारीची वेळ संपली की त्याच दुपारी वाटप, एकाच चिन्हावर दोघे अडले तर चिठ्ठी. कपबशी, छत्री, शिट्टी यांच्यावर उड्या पडतात. म्हातारीला बघताक्षणी ओळखू येईल असं चिन्ह मागा. यंत्रावर ते करंगळीच्या नखाएवढं दिसतं, तेव्हा बारीक नक्षीचं काही नको. चिन्ह मिळाल्याशिवाय पत्रकं छापू नका, आणि छापताना पॅनेलमधल्या प्रत्येकाचं चिन्ह त्याच्याच नावापुढे आहे ना ते तिघांनी वाचा.

घाटमाथा
यंत्राचं कोरडवाहूंनी अर्धवट सोडलं. तुमच्या प्रभागात प्रत्येक मतदाराला चार मतं आहेत: एक सरपंचाचं, तीन सदस्यांची. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी. सदस्यांत अनुसूचित जाती फिकट गुलाबी, अनुसूचित जमाती फिकट हिरवी, नामाप्र फिकट पिवळी, सर्वसाधारण पांढरी. एकेका रंगात एकच बटण दाबायचं. एका रंगात दोनदा दाबलं तर दुसरं लागत नाही.

गोंधळ कुठे होतो? मतदार निळ्यावर एक बटण दाबतो आणि झालं म्हणून निघतो. यंत्र अडकून बसतं, कर्मचारी मागून हाका मारतात, तो गर्दीत गेलेला असतो. उरलेली तीन मतं वाया. सरपंच येतो आणि सदस्य पडतात, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. घरोघरी जाताना भाषण कमी आणि 'चार रंग, चार बटणं' जास्त. दाखवायला नमुना मतपत्रिका करा, पण त्यावर समोरच्या उमेदवाराचं नाव-चिन्ह छापू नका.

नमुना_नऊ
आकडे मांडून बघा. २८०० लोकसंख्येला साधारण २१०० मतदार धरा, प्रभागाला ७००. मतदान ८० टक्के झालं तर ५६०. एका जागेला तिघे उभे असतील तर दोनशे-सव्वादोनशेवाला येतो. म्हणजे दोन मोठ्या भावक्या आणि एक वस्ती. पुण्या-मुंबईत असलेली चाळीस-पन्नास नावं निकाल फिरवतात. पण त्यांना आणायला गाडी करून देणं हा गैरप्रकार आहे, त्यांना आधी फोन करा, आपल्या खर्चाने येऊ द्या.

समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात. दर निवडणुकीत कुठे ना कुठे ती टाकावी लागतेच.

पाणंद
वडभाऊ, पॅनेल कशाला पण? वहिनी चांगल्या असतील तर एकट्या उभ्या राहू देत. थेट सरपंच आहे, सदस्यांची गरज कुठे?

नमुना_नऊ
इथे मात्र पाणंदशी कडाडून असहमत. थेट निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. तेव्हापासून सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं, ही अवस्था नेहमीची झालीय. मासिक सभेत ठराव बहुमताने होतात. नऊपैकी सहा विरोधात असले तर साधं पथदिव्यांचं बिल मंजूर व्हायला महिने लागतात. उपसरपंच त्यांचा होतो. सदस्यांतून उपसरपंच निवडताना सरपंचालाही मत असतं आणि समसमान झालं तर निर्णायक मतही असतं, पण समसमान होण्याइतके तरी आपले हवेत ना?

ॲड_बांधकरी
पाणंदच्या बाजूने एवढं सांगतो की थेट सरपंचाला काढणं सोपं नाही. पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं. म्हणजे पद टिकतं, काम अडतं. अडलेलं काम सोडवायला ग्रामसभा हे हत्यार आहे. वर्षात किमान चार घ्यायच्याच असतात, गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यातला लहान आकडा. तुमच्या गावात शंभर माणसं. ती जमवू शकणाऱ्या सरपंचाला सदस्य फार अडवू शकत नाहीत.

मीराताई_ग
आणि ती जमवणाऱ्या सरपंच वहिनी असाव्यात, त्यांचे यजमान नव्हेत. कार्यालयात महिला सरपंचाच्या नातेवाइकांनी बसायला, कारभारात लुडबुड करायला शासनाची मनाई आहे. डिजिटल सहीचं डोंगल वहिनींच्या पर्समध्ये राहील, दिरांच्या शर्टाच्या खिशात नाही. वडभाऊ, तुम्ही दीरच ना?

माळावरचा_वड
हो ताई. समजलं.

खडूस_म्हातारा
धागालेखकाचा त्रिफळा!

शिळी_भाकर
जाहीरनाम्याचं कुणी बोललं नाही. पैसा कशातून येतो ते बघून लिहा. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, ४० टक्के अबंधित. हा निधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम असल्याशिवाय खर्चता येत नाही, आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. 'गावात बागबगीचा' लिहिण्यापेक्षा चालू आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर उघडा, कुठलं काम दोन वर्षं कागदावर आहे ते शोधा आणि तेवढंच पत्रकात घाला. लोकांना पटतं, कारण ते काम अडलेलं त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

मानधन किती ते विचारणारे येतीलच : सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने २००१ ते ८००० लोकसंख्येला सरपंच ८ हजार, उपसरपंच ३ हजार महिना. सदस्याला सभेचा २०० रुपये भत्ता.

टोमॅटो_कॅरेट
२०० रुपयांसाठी एवढा खर्च करणारे लोक पाहिले की शेती त्यामानाने फायद्याची वाटते.

माळावरचा_वड
आज नमुना ८ आणि ९ बघून आलो. घर आजोबांच्याच नावावर, आणि नमुना ९ ला सामान्य पाणीपट्टीची मागची बाकी आहे. नमुना_नऊ आणि पाणंद दोघांनीही सांगितलं तसंच निघालं. उद्या भरतो. पावती कुणाच्या नावाने घ्यायची?

नमुना_नऊ
खातं ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने निघते, 'हस्ते' मध्ये वहिनींचं नाव लिहून घ्या. मालमत्ता क्रमांक आणि कोणत्या वर्षापर्यंतची रक्कम ते पावतीवर लिहिलेलं हवं. वारस नोंदीचा अर्जही त्याच वेळी देऊन पोच घ्या, पण ती नोंद होईपर्यंत कर भरायचा थांबू नका.

घाटमाथा
आणि त्याच फेरीत त्या नामाप्रवाल्या पोराला सोबत न्या, त्याच्याही घराचा नमुना ९ बघा.

सासवडची_मैना
धागा आत्ताच वाचला. एक शंका : पहिलं एक मूल, आणि २००१ नंतर दुसऱ्या वेळी जुळी झाली, एकूण तीन. अपात्र का?

ॲड_बांधकरी
नाही. कट ऑफच्या वेळी एकच मूल असेल तर पुढच्या एकाच बाळंतपणात झालेली सगळी मुलं एक अपत्य धरतात. मात्र जुळ्यांच्या जन्मदाखल्यांवर तारीख एकच आहे ना ते बघून घ्या. एकाचा जन्म रात्री बाराच्या आधीचा आणि दुसऱ्याचा नंतरचा असेल तर रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्डही जोडून ठेवा.